विजूताई, ती पट्टी खराबच होती

विजूताई, ती पट्टी खराबच होती. तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. आपल्या दुकानात, तुमच्या खुर्चीसमोर उभं राहून हे बोलायला हवं होतं. ते राहिलं. तुम्हाला जाऊन आज महिना झाला. रोज सकाळी शटर वर ढकलते, अर्ध्यावर आलं की आत तुम्ही नाही हे आठवतं. तरी उघडते.

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. नाशिक रोडला बाईमाणसाने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा कोण कोण हसलं होतं, ते सांगतात. मी मान हलवते, चहा मागवते. माझं लक्ष नसतं. मला तुमच्याशी झालेलं ते भांडण पुरं करायचं आहे. त्यात काय अडकलं होतं ते तुम्ही गेल्यावर कळलं.

मी आधीपासूनच भित्री. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडे आले तेव्हा उघडलेल्या मशीनकडे बघूनच घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही बोटभर रुंदीची एक हिरवी पट्टी माझ्या हातावर ठेवलीत.

"काय आहे हे?" तुम्ही विचारलंत.

"रॅम."

"म्हणजे काय?"

"मेमरी."

"म्हणजे काय?"

मी पट्टी उलटीसुलटी करून बघितली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "घरात फडताळ असतं आणि ओटा असतो. डबे फडताळात. भाजी चिरायची, कणीक मळायची ती ओट्यावर. ही पट्टी म्हणजे मशीनचा ओटा. वीज गेली की सगळं पुसलं जातं. आणि ओट्यावरच खडे पडलेले असतील, तर फडताळातलं पीठ कितीही चांगलं असू दे, पोळीत खडा येणारच."

मग बसवायला लावलीत. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, अंगातली वीज उतरू दे, नाहीतर तिनेच पट्टी जाते. पट्टीची खाच जुळव. दोन अंगठे दोन टोकांना. दाब. मी दाबली, पण मोडेल या भीतीने अर्ध्यातच सोडली. मशीन चालू केलं तर पडदा काळा आणि आतून लांबलचक शिट्ट्या. मी मागे सरकले. तुम्ही धावत आलात.

"काय व्हयनं व माय?"

गिऱ्हाइकांशी तुम्ही साधं शहरी मराठी बोलायचात. घाबरलात किंवा चिडलात की तुमच्या गावची, नामपूरची भाषा तोंडात यायची. हळूहळू मला त्यावरूनच कळायला लागलं की तुमच्या मनात आत्ता काय चाललंय.

"मोडेल असं वाटलं," मी म्हटलं.

"अर्धवट बसवलेली जास्त वाईट," तुम्ही म्हणालात. माझ्या अंगठ्यांवर तुमचे अंगठे ठेवलेत आणि दाबलंत. टक् असा आवाज झाला, बाजूची कडी आपोआप बंद झाली. मशीन सुरू झालं. मी रडायला लागले आणि तुम्ही हसायला.

त्यानंतर किती पट्ट्या बसवल्या, काढल्या, खोडरबरने त्यांच्या पिवळ्या कडा घासल्या. भीती गेली असं तुम्हाला वाटलं असेल. ती गेली नव्हती. मी फक्त घाई करायला शिकले होते. घाईत भीती कळत नाही.

त्या लॅबचं मशीनही मी घाईतच तपासलं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते, कारण मलाच ते पहिल्यापासून पुन्हा बघायचं आहे. आपल्या रस्त्यावरची ती रक्त तपासणीची लॅब. डॉक्टर स्वतः मशीन घेऊन आले. दुपारनंतर अडकतं, बंद करून चालू करावं लागतं, एवढीच तक्रार. त्यांच्याबरोबर रिपोर्ट टाइप करणारी कविता होती. डॉक्टर फोनवर बोलायला बाहेर गेले तसं ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा नीट बघा ना. नावांत चुका होतायत आणि सर मला बोलतात. मी चुकीचं टाइप करत नाही हो. आता म्हणालेत, अजून एक चूक झाली तर दुसरी बघतो." तिला दोन मुली. बोलताना ती ओढणीचं टोक पिळत होती.

मी पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. कॅबिनेट उघडं, वर पंखा. तासाभरात पहिली फेरी पुरी झाली, एकही चूक नाही. डॉक्टरांचा तिसरा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मेमरी ठीक आहे, घेऊन जा." आतली धूळ काढून दिली होती. वाटलं, गरम होऊन अडकत असेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नांदगावच्या शाळेचं काम संपवून आलात आणि मी सांगितलं. तुम्ही पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीत.

"किती फेऱ्या केल्यास?"

"एक. स्वच्छ आली."

"उघड्या कॅबिनेटमध्ये? पंख्याखाली?"

"हो."

"त्यांच्याकडे ते मशीन टेबलाखालच्या बंद कप्प्यात असतं. तसंच बंद ठेवून दिवसभर चालवायला हवं होतं. आणि चुका कसल्या होत्या?"

मी सांगितलं. कविताने दाखवलेल्या रिपोर्टवर पाटील या आडनावातला इंग्रजी टी जाऊन तिथे पी छापला होता.

"कीबोर्डवर टी कुठे, पी कुठे. मध्ये चार बटणं आहेत. हे बोट घसरल्याचं नाही, ज्योती."

"मग काय पट्टी नावं बदलते?" मी चिडून म्हटलं. "टाइप करणारी माणसं चुकतात, ताई. प्रत्येक गोष्टीत मशीनचा दोष कशाला?"

"पट्टीच शे ती. जा, परत आण ते मशीन."

मी गेले नाही. डॉक्टरांना फोन करून आपली चूक सांगायची, हे माझ्याच्याने होईना. आज करते, उद्या करते असं म्हणत राहिले. तुम्ही दोनदा विचारलंत, मग विचारायचं सोडलंत. आठवडाभर आपण कामापुरतंच बोललो. त्याच आठवड्यात तुमचा डावा खांदा दुखत होता म्हणून तुम्ही त्याच लॅबमध्ये रक्त देऊन आलात. संध्याकाळी मी विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतो?" तुम्ही मान न उचलता म्हणालात, "सगळं नॉर्मल."

दोन आठवड्यांनी, सकाळी आंघोळीला पाणी काढताना तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. अण्णांनी, तुमच्या यजमानांनी, मला फोन केला तेव्हा त्यांना तुमच्या नावापुढे काहीच बोलता येईना. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अगं, तिचा रिपोर्ट नॉर्मल होता."

तेरावं झालं आणि मी दुकान उघडलं. त्याच दिवशी दुपारी कविता आली. तिच्या हातात घडी केलेला कागद होता. बसली नाही.

"सरांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "ताई नाहीत, म्हणून तुम्हाला दाखवते. हे मी टाइप करेन का, तुम्हीच सांगा."

रिपोर्टवर देवरे आडनावाच्या एका बाईंचं नाव होतं. आडनावात सुरुवातीला डी हवा होता. तिथे ईमेलच्या पत्त्यात असतं ते चिन्ह छापलं होतं, ए अक्षराभोवती शेपूट गुंडाळलेलं.

तुम्ही मला खूप वर्षांपूर्वी शिकवलं होतं. मशीनच्या पोटात प्रत्येक अक्षर म्हणजे आठ खटक्यांची ओळ. कुठला चालू, कुठला बंद, यावरून अक्षर ठरतं. मी पेन घेतलं आणि पावतीच्या पाठीवर दोन्ही ओळी मांडल्या. डी आणि ते चिन्ह, एकाच खटक्याचा फरक. मग टी आणि पी मांडले. तोच खटका. चालू असायला हवा तिथे बंद. पट्टीतली एखादी जागा तापली की तिथला तो खटका धरून राहत नव्हता, आणि त्या जागेवर जे अक्षर येईल ते बिघडत होतं.

कविता म्हणाली, "म्हणजे माझी चूक नाही?"

"नाही," मी म्हटलं. पण माझा हात थांबत नव्हता. मी आकडे मांडायला लागले होते. तो खटका बंद पडला तर चारचा शून्य होतो. पाचचा एक, सहाचा दोन, सातचा तीन.

ताई, नावात चिन्ह आलं तर कुणालाही दिसतं. पाचाच्या जागी एक आला तर कुणाला काय कळणार? तो आकडाच असतो, आकड्यासारखाच दिसतो. त्या मशीनमधून माझ्या शब्दावर महिनाभर माणसांच्या रक्ताचे रिपोर्ट बाहेर पडत होते.

आणि लगेच दुसरा विचार आला. तुमचाही.

मी तशीच कविताबरोबर लॅबमध्ये गेले. डॉक्टरांना म्हटलं, "सर, मी मशीन नीट तपासलं नव्हतं. मेमरी खराब असावी. उद्या दिवसभर मशीन मला द्या आणि तोवर यातून एकही रिपोर्ट देऊ नका." एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली असं वाटलं. डॉक्टर ओरडतील अशी तयारी ठेवली होती. ते ओरडले नाहीत. पांढरे पडले आणि खुर्चीत बसले. त्यांनाही ते आकडे लगेच दिसले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मशीन बंद कप्प्यातच ठेवून तपासणी लावली. पहिली फेरी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. मी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मनातून म्हणत होते की काही सापडू नये. तिसऱ्या फेरीत, दोनच्या सुमाराला, पहिली लाल ओळ आली. मग आणखी एक. मग लागोपाठ. प्रत्येक ओळीत तोच खटका. मशीन बंद केलं, पत्र्याला हात लावला, दोनातली एक पट्टी काढली आणि पुन्हा लावलं. लाल ओळी नाहीत. पट्ट्यांची अदलाबदल केली, जागाही बदलून पाहिल्या, कारण दोष पट्टीचा की ती बसते त्या खाचेचा हे पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, असं तुम्ही बजावलेलं. एका पट्टीबरोबर लाल ओळी दोन्ही खाचांत आल्या. दुसरी पट्टी दोन्हीकडे निर्दोष.

खराब निघालेली पट्टी गेल्या वर्षी मशीन हळू चालतं म्हणून मीच बसवली होती. थंडीचे दिवस होते, अंगात लोकरीचा स्वेटर. त्या दिवशी पत्र्याला हात लावला होता का? आठवत नाही. ती मुळातच कच्ची निघाली की माझ्या अंगातल्या विजेने गेली, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही असतात तर काहीतरी म्हणाला असतात, मी ते खरं मानलं असतं.

लॅबमध्ये एक वही असते. तपासणीच्या यंत्रावर आलेला आकडा आधी त्या वहीत हाताने लिहितात आणि मग कविता तो टाइप करते. त्या वहीने आम्हाला वाचवलं. मी आणि कविता शेजारी शेजारी बसलो. ती वहीतला आकडा वाचायची, मी मशीनमध्ये साठवलेला रिपोर्ट बघायचे. एकेक पान उलटत गेलो. तीन ठिकाणी फरक निघाला. दोन किरकोळ होते. तिसरा नांदगावकडच्या एका म्हाताऱ्या बाबांचा. मूत्रपिंडाच्या तपासणीत वहीत पाच पूर्णांक एक, रिपोर्टवर एक पूर्णांक एक. पहिल्याचा अर्थ मूत्रपिंड निकामी व्हायला आलंय, दुसऱ्याचा अर्थ काही काळजी नाही.

डॉक्टरांनी फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा मुलगा बोलला. गुडघेदुखीच्या गोळ्या घेतायत बाबा, म्हणाला, रिपोर्ट चांगला आला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी चालू ठेवल्यात. पाय लय सुजलेत. आमचे डॉक्टर उभे राहून बोलत होते. "त्या गोळ्या आत्ता बंद करा. बाबांना गाडीत घाला आणि निघा. रिपोर्ट आमच्याकडून चुकला."

ते बाबा वाचले, ताई. नाशिकला दाखल केलं, डायलिसिस चालू आहे, जेवतात. मी त्यांना भेटायला गेले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, सांगाया आलीस ना? नाय सांगितलं असतं तर मला काय कळनार व्हतं?" मला त्यांच्याकडे बघवेना.

कविताला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माफी मागून परत बसवलं आहे.

तुमचं पान मी शेवटी ठेवलं होतं. कविताच्या ते लक्षात आलं होतं. वही बंद करायची वेळ आली तशी ती म्हणाली, "ताईंचं राहिलंय."

"वाच," मी म्हटलं आणि डोळे मिटले. तुमचा आकडा चुकीचा छापला गेला असेल, तुम्ही तो नॉर्मल समजून घरी गेला असाल आणि ते माझ्या त्या एका फेरीमुळे झालं असेल, तर पुढे मी काय करणार होते, मला माहीत नाही.

"उपाशीपोटी साखर, दोनशे सत्तेचाळीस," कविताने वाचलं.

मी डोळे उघडले. पडद्यावरही दोनशे सत्तेचाळीसच होते.

रिपोर्ट बरोबर होता. नॉर्मल मात्र नव्हता.

कविताने वही मिटली. "ताई स्वतः न्यायला आल्या होत्या," ती म्हणाली. "सरांनी त्यांना आत बोलावून सांगितलं, खांदा दुखतोय आणि साखर इतकी आहे, आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, तुमच्या या मशीनचं काय खरं, ते काहीही छापतं. आणि म्हणाल्या, ज्योतीला सांगू नको, ती घाबरेल."

त्या दिवशी घरी चालत गेले. रिक्षा केली नाही. रस्ताभर तुमच्याशी भांडत होते. मी मशीन परत आणलं असतं, पट्टी बदलली असती, तर तुमच्याकडे ते निमित्त उरलं नसतं. मशीन खराब आहे असं तुम्ही म्हणत होतात, मी ते मानलं नाही, आणि शेवटी त्याच मशीनच्या नावावर तुम्ही स्वतःला सोडवून घेतलंत. हे मला सहन होत नव्हतं.

मग घरी जाऊन बसले आणि पावतीवरचे ते आकडे पुन्हा काढले. ताई, या पट्टीची चूक आकडा फक्त खाली आणत होती. वर कधीच नेत नव्हती. दोनशे सत्तेचाळीस खोटे असते, तर खरा आकडा त्याहून मोठा असता. टी आणि पी ऐकल्या ऐकल्या तुम्ही पट्टी म्हणालात. कुठला खटका पडतोय, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. म्हणजे आपला रिपोर्ट खरा आहे, हे नाशिक रोडमध्ये तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तरी तुम्ही डॉक्टरांकडे गेला नाहीत.

तुम्ही भ्याला होतात. नऊ वर्षं मी माझी भीती तुमच्याकडे घेऊन येत होते, आणि तुमची घेऊन जायला तुम्हाला कुणी नव्हतं. मी होते, पण मी घाबरेन म्हणून मला वगळलंत. याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या अंगठ्यांवर तुमचे अंगठे ठेवलेले आठवतात आणि राग तेवढ्यापुरता विरघळतो, मग परत येतो. तुमच्याबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर बसायला मी आले असते. थरथरत आले असते, पण आले असते.

अण्णांना रविवारी जाऊन सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं, मग वाटलं, पुरे झालं लपवणं. त्यांनी फक्त विचारलं, "किती होती साखर?" मी सांगितलं. बराच वेळ त्यांनी टेबलावरचा चष्मा पुसला. तुमचाच होता तो. मग म्हणाले, "मला ती कधी खोटं बोलली नव्हती." आणि थोड्या वेळाने, "मीही डॉक्टरकडे चल म्हणून फार जोर केला नाही. मलाही ऐकायचं नव्हतं." आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत बसलो.

काल मी लॅबमध्ये रक्त देऊन आले. माझ्या वडिलांना साखर होती आणि मला गेल्या वर्षापासून फार तहान लागते, हे मी तुम्हालाही कधी बोलले नव्हते. आज सकाळी कविता पाकीट घेऊन स्वतः दुकानात आली. काउंटरवर ठेवलं आणि निघाली. मी पाकिटाला हात लावला आणि काढून घेतला.

"कविता," मी हाक मारली, "मला भीती वाटतेय. जरा शेजारी बस."

ती परत आली. तुमची खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसली, आणि मी पाकीट फाडलं.